जुनं दुखणं, मज्जासंस्थेला नवं वळण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात कंबर, मान, गुडघा किंवा खांदा वर्षानुवर्षं धरून बसलेल्यांकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे घेतले आहेत, आणि मज्जासंस्थेला नवं वळण लावणारे, घरी करायचे सरावही दिले आहेत. आधी ‘कुणी हे करू नये’ हा प्रश्न वाचा, मग बाकीचे हव्या त्या क्रमानं.

सहा महिने झाले तरी दुखणं जात नाही. आत काहीतरी बरं व्हायचं राहिलंय का?

बहुतेक वेळा नाही. मुरगळलेला स्नायू, ताणलेला अस्थिबंध, साधं मोडलेलं हाड यांची डागडुजी साधारण सहा ते बारा आठवड्यांत होते. म्हणूनच तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर ‘जुनाट’ म्हणतात. डागडुजी झाल्यावरही कळ येत राहते, तेव्हा बिघाड बऱ्याचदा जखमेत नसतो. कळ वाहून नेणाऱ्या आणि तिचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत असतो.

मळ्यातल्या घरात एकदा चोरी झाली की पुढं कित्येक दिवस राखणीचं कुत्रं पान सळसळलं तरी भुंकतं. त्याचं भुंकणं खरं असतं, चोर मात्र नसतो. मणक्यातल्या मज्जारज्जूचंही असंच होतं. वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त उत्तेजित होऊन बसतात. थोड्या संदेशाला त्या मोठा प्रतिसाद देतात, आणि साध्या स्पर्शालाही कळ समजतात. मेंदूकडून खाली येणारी, कळ दाबून धरणारी जी सोय असते, ती अशा वेळी ढिली पडते. झोप नसेल, पैशाची चिंता असेल, घरात तणाव असेल तर आणखी ढिली.

हे शिकलेलं वळण आहे, आणि जे शिकलं गेलं त्यातलं बरंच मोडून नव्यानं शिकवता येतं.

म्हणजे दुखणं मनाचं आहे असंच म्हणताय ना?

नाही. या प्रश्नामागं बहुतेक वेळा कुणाचा तरी टोमणा असतो, ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत’, आणि त्यानं माणूस उपचारच सोडतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळ येते. ती कळ खोटी नसते, पाय नसतो. सगळंच दुखणं, कोयता लागल्याचंही, शेवटी मज्जासंस्थाच तयार करते. २०१७ मध्ये वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं या प्रकाराला वेगळं नाव दिलं, ‘नोसिप्लास्टिक’ दुखणं. त्यात पेशींची किंवा नसांची इजा स्पष्ट दिसत नाही, तरी कळेची यंत्रणा बदललेली असते.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे. मराठीत ‘दुखणं’ म्हणजे कळ आणि ‘दुखणं’ म्हणजेच आजार, त्यामुळे कळ आहे तर आजार असणारच असं आपण धरून चालतो.

एमआरआयमध्ये गॅप आणि गादी सरकलेली दिसतेय. मग?

मग वय किती ते बघा. अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा निघाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली गादी पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत होती, आणि यांतल्या कुणाची काही तक्रार नव्हती. चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात तशा मणक्यावरही पडतात.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी असा नाही. पायात ताकद कमी झाली असेल, मुंग्या एका ठरावीक पट्ट्यात जात असतील आणि चित्रात नेमकी तीच नस दबलेली दिसत असेल, तर ते चित्र बोलतंय. पण रिपोर्टमधलं एक वाक्य वाचून वाकायचं, उचलायचं, प्रवास करायचं बंद केलं, तर दुखण्यापेक्षा त्या वाक्यानंच जास्त नुकसान केलेलं असतं.

कुणी हे करू नये? आधी डॉक्टर कधी?

पुढचं काही असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणे: यांत तास मोजायचे असतात, १०८ ला फोन करा. ताप, वजन उतरणे, रात्री घाम आणि पाठीत एकाच मणक्यावर दाबल्यावर कळ असेल तर मणक्याचा क्षय आधी नाकारायला हवा. आपल्याकडं तो दुर्मीळ नाही. आधी कर्करोग झालेला असणे, उंचावरून पडणे, बरेच महिने स्टिरॉइड चालू असणे, झोपेतही न थांबणारी आणि रोज चढत जाणारी कळ यांसाठीही तपासणी आधी.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडत असतील, हाताला गरम लागत असतील, सूज असेल तर तो दाहक संधिवात असू शकतो. चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखीही कधी अशीच असते. मधुमेहानं तळपाय जळत असतील तर नस खरोखरच बिघडलेली असते. तिथं साखर, बी-१२ आणि औषध आधी. खालचे सराव जोडीला चालतील, बदली म्हणून नाही.

माझं दुखणं ‘शिकलेलं’ आहे हे कशावरून ओळखायचं?

एका खुणेवरून नाही, अनेक खुणा जुळल्या तर. जागा बदलते: आज कंबर, परवा मान. एका बाजूचं दुखणं कालांतरानं दुसऱ्या बाजूलाही. तेच काम एका दिवशी दुखतं, दुसऱ्या दिवशी नाही. लग्नघरात चार तास उभं राहून काही झालं नाही, घरी भांड्यांपुढं दहा मिनिटांत कंबर भरून आली. नुसता साडीचा काठ घासला तरी झोंबतं. काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी उसळतं. काम करायच्या नुसत्या विचारानंच चमक येते.

दोन आठवडे वहीत तीन रकाने लिहा: किती दुखलं (० ते १०), त्या दिवशी काय काम, आदल्या रात्री किती झोप. बऱ्याच जणांना वहीतच दिसतं की आकडा कामापेक्षा झोपेबरोबर जास्त हलतो. दोन आठवड्यांनंतर मात्र रोजची नोंद थांबवा. कायम मोजत राहणं म्हणजे कुत्र्याला रोज ‘चोर आला का?’ विचारणं.

नेमकं करायचं काय?

चार कामं आहेत. सगळी एकदम सुरू करू नका. पहिली दोन एका आठवड्यात, तिसरं दुसऱ्या आठवड्यात, चौथं त्यानंतर.

पहिलं, *पाया ठरवणे*. जे काम दुखवतं त्याला दुखणं स्पष्ट वाढेपर्यंत किती मिनिटं लागतात ते तीन दिवस मोजा. समजा चालताना २५, २० आणि ३० मिनिटं आली. सरासरी २५, त्याचे ८० टक्के म्हणजे २०. आता रोज वीसच मिनिटं चालायचं, बरं वाटलं तरी वीस आणि नको वाटलं तरी वीस. मोबाईलचा गजर लावा, कारण थांबायचं घड्याळावर आहे, कळेवर नाही. दर आठवड्याला साधारण १० टक्के वाढ: २२, मग २४.

लोक फसतात ते इथंच, आणि वाईट दिवशी नाही, चांगल्या दिवशी. आज हलकं वाटतंय म्हणून माळा आवरला, गोधड्या धुतल्या, दोन दिवस झोपून काढले. मज्जासंस्थेनं यातून धडा घेतला: हालचाल म्हणजे संकट. महिनाभर ही भरती-ओहोटी चालली तर वळण सुधारण्याऐवजी पक्कं होतं.

दुसरं, *श्वास*. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात पोटावर. नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, एकदा झोपण्याआधी. चक्कर किंवा ओठांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार खोल ओढताय. श्वास लांब हवा, मोठा नको. दहा दिवस केल्याशिवाय ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका.

तिसरं, *दुखऱ्या जागेकडं निवांत बघणे*. कळ फार चढलेली नसताना, तीनचार मिनिटं. लक्ष तिथं न्या आणि नुसतं वर्णन करा: गरम की गार, ओढ की आवळ, एका जागी की सरकतेय, कडा कुठं संपते. ती घालवायचा प्रयत्न करायचा नाही. मनात एकच वाक्य: दुखतंय, पण मोडत नाही. हे वाक्य खरं असेल तरच चालतं, म्हणून तपासणी आधी. घाबरून बघितलं तर कळ वाढते. तसं झालं तर डोळे उघडा, तळहाताचा किंवा पावलाचा स्पर्श जाणवून घ्या, मग पुन्हा. कळ सातच्या वर असेल त्या दिवशी हा सराव सोडा.

चौथं, *भीतीची हालचाल पायरीनं परत आणणे*. वाकायची भीती सगळ्यात जास्त आढळते. आधी बसूनच हात गुडघ्यांवरून नडगीपर्यंत नेणं. मग उभं राहून खुर्चीच्या बैठकीला हात लावणं. मग स्टुलाला, मग पाटाला, शेवटी जमिनीला. प्रत्येक पायरी दहा वेळा, दिवसातून दोनदा, तीनचार दिवस. वाकताना श्वास सोडा, पाठ लाकडासारखी ताठ धरू नका. पोट आवळून, श्वास रोखून वाकलात तर शरीराला तुम्ही ‘धोका आहे’ हेच सांगताय. जमिनीपर्यंत पोचलात की बादलीत दोन लिटर पाणी, मग चार, मग सहा.

सगळ्याला एकच मापदंड: सराव करताना कळ दोन अंकांनी वाढली आणि २४ तासांत मूळ जागी आली तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलीच असेल तर मागच्या पायरीवर या. शून्यावर नाही, मागच्या पायरीवर.

हे खुर्चीत बसणाऱ्यांचं झालं. ऊस तोडणाऱ्यानं, बिडी वळणारीनं काय करायचं?

रास्त प्रश्न. टनावर आणि हजारावर मजुरी असेल तिथं ‘वीस मिनिटांनी थांबा’ म्हणणं सोपं, थांबणं अवघड. तरी काही करता येतं.

बिडी वळताना मांडीवर सूप, मान खाली, बोटं तीच तीच. इथं थांबायचं नाही, बदलायचं. गजर वाजला की वळणं सोडून पानं कातरणं, बंडल बांधणं, उठून पाणी पिणं, दीड-दोन मिनिटं. भिंतीला टेकायला मिळेल अशी जागा घ्या आणि सुपाखाली दुमडलेली गोधडी ठेवून ते चार बोटं वर आणा. मान तेवढी कमी झुकते. हजारात वीस-पंचवीस बिड्या कमी होतील, पण दोन दिवस खाडे होण्यापेक्षा ते परवडतं.

ऊसतोडीत तोडणं, साळणं, मोळी बांधणं आणि वाहणं अशी कामं असतात. जोडीनं तोड असेल तर ती आलटून पालटून करा, एकानं दिवसभर एकच नको. मोळीत ऊस कमी आणि फेऱ्या जास्त हे दुखऱ्या कमरेला बरं.

आणखी एक. सराव हंगामाच्या तोंडावर सुरू करू नका. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे चालू होतो. पाया उन्हाळ्यातच घालायला हवा. खानापूरकडं भाताची रोप लावण जून-जुलैत, म्हणजे तिथं होळीनंतरचे महिने चांगले. लावणीच्या दिवसांत फक्त श्वासाचा सराव टिकवला तरी पुष्कळ.

हात मोडला होता, प्लास्टर निघालं, पण आता हाताला हातही लावू देववत नाही. आरशाचा उपाय खरा का?

खरा, पण क्रमानं. मनगट मोडल्यानंतर हात सुजणे, रंग बदलणे, घाम येणे, वाऱ्याची झुळूकही न सोसणे हा एक वेगळा विकार आहे आणि तो लवकर दाखवला तितका आटोक्यात येतो. डॉक्टरांनी तो ओळखल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तीन टप्पे, प्रत्येकी साधारण दोन आठवडे.

आधी हातांचे वेगवेगळ्या कोनांतले चाळीसेक फोटो बघून ‘डावा की उजवा’ पटकन ओळखायचं. मोबाईलवर घरच्यांच्या हातांचे फोटो काढले तरी चालतात. दहातले आठ बरोबर आणि दोनेक सेकंदांत, असं झालं की पुढं. मग दुखरा हात न हलवता तो हलतोय अशी नुसती कल्पना. शेवटी आरसा: दुखरा हात आरशामागं, चांगला आरशापुढं, आणि प्रतिबिंबाकडं बघत चांगला हात सावकाश हलवायचा. अंगठी आणि बांगड्या काढा, किंवा दोन्ही हातांत सारख्या घाला. एका हातात चुडा आणि दुसरा रिकामा असेल तर मेंदू फसत नाही. थेट आरशापासून सुरुवात केली की दुखणं वाढतं, आणि मग उपायालाच दोष दिला जातो.

याला पुरावा आहे का, की नुसतं सांगायचं?

आहे, मर्यादांसह. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुनाट पाठदुखीच्या १५१ लोकांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखण्याचा अर्थ नव्यानं लावायला शिकवणारे उपचार चार आठवडे घेतलेल्या गटात ६६ टक्के लोक दुखण्यातून मोकळे किंवा जवळजवळ मोकळे झाले. खोटं इंजेक्शन दिलेल्यांत २० टक्के, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १०. वर्षानंतरही फायदा बराच टिकून होता. पण ती माणसं शिकलेली, हिंडती-फिरती आणि मध्यम दुखण्याची होती. वाकण्याची भीती, हालचाल आणि समजूत यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचाराची ४९२ लोकांवरची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२३ ची. बारा आठवड्यांत सात भेटी आणि नंतर एक, आणि वर्षानंतरही फरक टिकलेला. ऊसतोड कामगारांवर यांतली एकही नव्हती. म्हणून टक्के जसेच्या तसे आपल्याला लावू नका, दिशा लावा.

गोळ्या बंद करायच्या का?

स्वतःहून नाही. रोज मेडिकलमधून वेदनाशामक घेणं मात्र थांबायला हवं. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही किंमत मोजतात. डोकेदुखीसाठी साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र (एकाच गोळीत अनेक औषधं असलेल्या) गोळ्या १० किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्याच डोकेदुखी घडवतात. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडतं. त्यानं चार दिवसांत घोडा पळायला लागतो आणि दोन वर्षांत हाड ठिसूळ होतं. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा.

डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री दिली आणि मोबाईलवर ती ‘नैराश्याची’ म्हणून सापडली, की बरेच जण फेकून देतात. इतक्या कमी मात्रेत ती कळेसाठी आणि झोपेसाठी असते. ती किंवा कळेसाठीच दिली जाणारी ड्युलोक्सेटिन, प्रेगाबॅलिन ही औषधं अचानक तोडू नका.

मालिश, शेक, हाडवैद्य?

शेक आणि मालिश चालतात. चोळल्यावर बरं का वाटतं, याचं उत्तर मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतल्या दारातच कळेची वाट अडवतात. तेवढा वेळ मिळतो; त्या वेळेत सराव करून घ्या. मानेला झटका देऊन हाड ‘बसवून’ घेऊ नका.

पावसाळ्यात वाढतं, ते?

अनेकांना जाणवतं. खानापूरच्या पावसात माणूस आठवडा-आठवडा घरात कोंडला जातो, हालचाल घटते, झोप बिघडते. निम्मं उत्तर तिथंच असतं. घरातल्या घरात ठरलेली मिनिटं चाला.

घरच्यांनी काय करावं?

दर तासाला ‘कसं वाटतंय?’ विचारू नये. सुनेनं किंवा लेकीनं हातातलं सगळं काम काढून घेणं हे प्रेम असलं तरी त्यानं पाया खचतो. ठरलेली मिनिटं होईपर्यंत काम करू द्या, गजर झाला की मात्र थांबवा.

कुठं जायचं, काय विचारायचं?

बेळगावात बीम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. अथणी-कागवाडकडची माणसं मिरजेला जातात, निपाणीची कोल्हापूरला. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्यातल्या सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण तो राज्याबाहेर चालत नाही. दर आठवड्याची भेट असेल तर हाही हिशेब बघा. फिजिओथेरपिस्टला विचारा: घरी करायचा सराव लिहून देणार का, दर आठवड्याला वाढ कशी ठरवणार? उत्तर फक्त ‘दहा दिवस मशिनचा शेक घ्या’ असेल तर दुसरीकडं विचारा.

नुसतं ‘दुखतंय’ सांगू नका. ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या, ओढ, यांतलं नेमकं काय ते सांगा. समोरचे डॉक्टर कन्नडभाषक असतील तर दुखण्याला ‘नोवू’, जळजळीला ‘उरी’, मुंग्या-बधिरपणाला ‘जोमु’ म्हटलं की पटकन कळतं.

किती दिवसांत फरक पडतो?

झोप आणि भीती आधी सुधारतात, दोनतीन आठवड्यांत. काय काय करता येतं ते सहा ते आठ आठवड्यांत वाढतं. कळेचा आकडा बहुतेकदा सगळ्यात शेवटी उतरतो, आणि काहींचा अर्ध्यावरच थांबतो. तीन महिने नीट करूनही काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासून घ्या.

सुधारलं होतं, परत उसळलं. सगळं वाया गेलं का?

नाही, उसळी येणारच. आधी वरच्या धोक्याच्या खुणा तपासा. त्यांतलं काही नसेल तर पहिले दोन दिवस काम निम्म्यावर आणा, पण अंथरुणावर पडून राहू नका; दर तासाला दोनतीन मिनिटं घरात फिरा. श्वासाचा सराव दोनदाऐवजी चारदा. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या मिनिटांच्या तीन चतुर्थांशावर या: वीस असतील तर पंधरा. पाचव्या-सहाव्या दिवशी परत वीस. त्या आठवड्यात वाढ करायची नाही.